पाडव्याचा संकल्प आणि मुखाचे आरोग्य

शरीरस्वास्थ्याचा विचार करताना आपल्याकडे तोंडाचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. ताप आला की दवाखाना गाठला जातो, हाड मोडले की वाहन शोधले जाते. दात दुखू लागला तर मात्र लवंग दाताखाली धरून आठवडे काढले जातात. दुखणे असह्य झाले म्हणजे दात काढून टाकायचा, एवढाच उपचार अनेकांना ठाऊक असतो. वास्तविक दातांचे व हिरड्यांचे बहुतेक विकार टाळता येण्याजोगे आहेत आणि ते टाळण्याचे साधन घराघरांत, रोजच्या सवयीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील सुमारे ३५० कोटी लोकांना मुखाचा कोणता ना कोणता विकार आहे. एवढ्या लोकांना पुरतील इतके दंतवैद्य कोणत्याही देशाजवळ नाहीत. म्हणून या प्रश्नाचे उत्तर दवाखान्याइतकेच घर, शाळा आणि ग्रामपंचायत यांना शोधावयाचे आहे.

नव्या वर्षाच्या प्रारंभी चांगल्या सवयींचा संकल्प करण्याची प्रथा आहे. हा संकल्प केव्हा करावा, याचा विचार आष्टी तालुक्यात मात्र थोडा निराळा करावा लागतो.

आष्टीचे नवे वर्ष

आष्टी हा बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका. बालाघाटच्या डोंगररांगा आणि सीना नदी यांच्या परिसरातील हा भाग पर्जन्यछायेत येतो. खरिपाच्या व ज्वारीच्या उत्पन्नावर वर्ष निभत नाही म्हणून जिल्ह्यातील इतर तालुक्यांप्रमाणेच येथील अनेक कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. मुकादमाकडून उचल घ्यायची, पती-पत्नी मिळून एक कोयता म्हणून टोळीत सामील व्हायचे, फडाजवळ कोपी उभारायची आणि कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत तेथे राहायचे, असा हा क्रम आहे.

त्यामुळे १ जानेवारी उजाडते तेव्हा अनेक वाड्या-वस्त्यांवर केवळ वृद्ध माणसे आणि त्यांच्याजवळ ठेवलेली काही मुले असतात. त्या दिवशी गावात घेतलेला आरोग्याचा कार्यक्रम ज्यांना सर्वाधिक गरज आहे, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. हंगाम आटोपून बहुतेक टोळ्या गुढीपाडव्याच्या आगेमागे गावी परततात. घरे उघडतात, अंगणे सारवली जातात, गुढ्या उभारल्या जातात आणि कडुनिंबाची कोवळी पाने गुळाबरोबर वाटून घरातील सर्वांना दिली जातात. आष्टीसारख्या तालुक्याचे नवे वर्ष खऱ्या अर्थाने त्या दिवशी सुरू होते. मुखारोग्याच्या सवयीची सुरुवातही त्याच दिवशी व्हावी, हे सर्व दृष्टींनी सोयीचे आहे.

पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत सुमारे सहा महिने कुटुंब गावात असते. या काळात एखादी सवय पक्की झाली तर ती फडावरही टिकते. शाळा एका गावी राहते, दवाखाना दुसऱ्या गावी राहतो. सवय मात्र माणसाबरोबर जाते. स्थलांतर करणाऱ्या कुटुंबाच्या आरोग्याचा विचार करताना हे सूत्र विसरता येणार नाही.

दाताला कीड लागते म्हणजे काय होते?

'दात किडला' हा शब्दप्रयोग आपल्या भाषेत इतका रुळला आहे की दातात खरोखरच एखादा किडा शिरला असावा, अशी समजूत ठिकठिकाणी आढळते. रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातील किडे पाडण्याचा उपाय आजही काही ठिकाणी केला जातो. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. आपल्या तोंडात नेहमीच असंख्य सूक्ष्म जंतू राहतात. त्यांचा एक पातळ, चिकट थर दातांवर साचतो. आपण साखर, गूळ, बिस्किटे असे गोड पदार्थ खाल्ले की हे जंतू त्या साखरेपासून आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताच्या बाहेरील कठीण कवचातील क्षार विरघळवते. काही वेळाने लाळेमुळे आम्लाचा प्रभाव ओसरतो आणि लाळेतील क्षार कवचाची झीज अंशतः भरून काढतात.

झीज आणि भर यांचा हा व्यवहार दिवसभर चालू असतो. दिवसातून दोन-तीन वेळा जेवण झाले, तर लाळेला भरपाई करण्यास अवधी मिळतो. परंतु दर तासा-दीड तासाने गोड चहा, मध्येच बिस्किटाचा पुडा, पुन्हा गोळी-चॉकलेट असे सुरू राहिले तर झीजच होत राहते व कवचाला खड्डा पडतो. यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. साखर किती खाल्ली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली, याचा दातांवर अधिक परिणाम होतो. सणाच्या दिवशी जेवणाबरोबर खाल्लेली पुरणपोळी जेवढी हानी करीत नाही, तेवढी रोज दहा वेळा घोट-घोट घेतलेल्या गोड चहाने होते.

ऊसतोड कुटुंबांच्या संदर्भात येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ऊस सोलून खाल्ल्याने दात बळकट व स्वच्छ होतात, असे म्हटले जाते. उसाच्या चोथ्याने दातांचे काही पृष्ठभाग घासले जातात हे खरे. पण त्याच वेळी साखरेचा रस दातांच्या फटींत जाऊन बसतो. फडाजवळ खेळणारी मुले दिवसभर कांडी चघळत राहतात, तेव्हा दातांना विसावा मिळत नाही. मुलांना ऊस देऊच नये असे नव्हे. तो एकदाच द्यावा आणि नंतर पाण्याने खळखळून चूळ भरावयास लावावी.

रात्रीची वेळ दातांच्या दृष्टीने सर्वांत धोक्याची असते, कारण झोपेत लाळेचे प्रमाण फार कमी होते. रात्रीच्या जेवणानंतर अन्नाचे कण दातांत तसेच राहिले तर जंतूंना सात-आठ तास मोकळे मिळतात. आपल्या घरांत सकाळी दात घासल्याशिवाय चहा न घेण्याची शिस्त चांगली रुजलेली आहे. रात्री दात घासण्याची पद्धत मात्र फारच थोड्या घरांत आहे. नव्या वर्षात एकच सवय लावावयाची असेल, तर ती झोपण्यापूर्वी दात घासण्याची असावी.

कशाने आणि कसे घासावे?

कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी आपल्या पूर्वजांनी वापरली. काडीचे टोक चावून मऊ केले व काळजीपूर्वक फिरवले तर दातांवरील थर निघतो, म्हणून काडी टाकाऊ नव्हे. मात्र तिने मागच्या दाढा व दातांच्या आतील बाजू नीट स्वच्छ होत नाहीत आणि जोराने घासल्यास हिरड्या सोलतात. राख, विटेची भुकटी, कोळसा व जाडे मीठ यांनी दात पांढरे दिसतात खरे, परंतु कवच खरवडले जाते आणि पुढे थंड-गरम पदार्थ झोंबू लागतात.

मऊ केसांचा लहान ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट हे आजचे सर्वांत खात्रीचे साधन होय. फ्लोराइडमुळे झिजलेल्या कवचात क्षार पुन्हा बसण्यास मदत होते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने फ्लोराइडयुक्त पेस्टचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या आदर्श यादीत केला, यावरून तिचे महत्त्व लक्षात यावे. तीन वर्षांखालील बालकास तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे होते. जाहिरातीत दाखवतात तशी ब्रशभर पेस्ट कोणालाच लागत नाही.

घासताना ब्रश हिरडीच्या कडेशी किंचित तिरका धरावा व हळुवार, लहान लहान फेऱ्यांनी बाहेरची, आतली आणि चावण्याची अशा तिन्ही बाजू स्वच्छ कराव्यात. दोन मिनिटे एवढा वेळ पुरेसा आहे. नंतर फेस थुंकून टाकावा. तांब्याभर पाण्याने वारंवार चुळा भरल्यास पेस्टमधील फ्लोराइड वाहून जाते. पाणीटंचाईच्या गावात किंवा फडावरील कोपीत ही गोष्ट सोयीचीच म्हणावी लागेल. सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मुलाच्या हाताला नीट वळण नसते. म्हणून तोपर्यंत घरातील मोठ्या माणसाने रात्री एकदा त्याचे दात स्वतः घासून द्यावेत. प्रत्येकाचा ब्रश वेगळा असावा आणि केस वाकले की तो बदलावा.

सहाव्या वर्षी येणारी दाढ

बालकास साधारण सहाव्या महिन्यात पहिला दात येतो व अडीच-तीन वर्षांपर्यंत वीस दुधाचे दात पूर्ण होतात. 'दुधाचे दात काय, पडणारच आहेत' असे म्हणून त्यांच्याकडे दुर्लक्ष केले जाते. परंतु दुधाचा दात खाली वाढणाऱ्या कायमच्या दाताची जागा राखून ठेवतो. तो किडून अकाली काढावा लागला तर शेजारचे दात सरकतात आणि पुढे येणारे दात वाकडे-तिकडे येतात. दुखऱ्या दातामुळे मूल नीट जेवत नाही, रात्री झोपत नाही आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही, हे शिक्षकांनी पाहिले असेलच.

याहूनही मोठे नुकसान सहाव्या वर्षाच्या दाढेचे होते. सुमारे सहाव्या वर्षी शेवटच्या दुधाच्या दाढेमागे वर-खाली, उजवीकडे-डावीकडे अशा चार कायमच्या दाढा येतात. त्यांच्या येण्याने कोणताही दुधाचा दात पडत नसल्याने पालकांना ती दुधाचीच दाढ वाटते. ती किडली तरी 'पडेल आणि नवी येईल' म्हणून थांबले जाते. नवी दाढ कधीच येत नाही. चावण्याचा मोठा भार जन्मभर याच चार दाढांवर असतो. पहिलीत नाव घालण्याच्या वयातच या दाढा येतात; म्हणून पहिली-दुसरीच्या शिक्षकांनी पालकसभेत एवढी एकच माहिती दिली तरी पुष्कळ मुलांच्या दाढा वाचतील.

मिसरीचा प्रश्न

मुखारोग्याविषयी आपल्या ग्रामीण भागात बोलावयाचे आणि मिसरीचा उल्लेख टाळावयाचा, हे शक्य नाही. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून तिची पूड करतात आणि ती बोटाने दातांना व हिरड्यांना लावतात. कित्येक स्त्रियांच्या बाबतीत सुरुवात दातदुखीपासून होते. शेजारीण सुचवते, मिसरी लावल्यावर हिरडी बधिर होते, दुखणे थांबल्यासारखे वाटते. वास्तविक दुखण्याचे कारण तसेच राहून दात आतून पोखरत जातो आणि वर तंबाखूचे व्यसन जडते. प्रारंभी सकाळी एकदा लावली जाणारी मिसरी पुढे दिवसातून चार-पाच वेळा लागते. ती लावल्याशिवाय शौचास होत नाही, डोके दुखते, कामात मन लागत नाही, ही तंबाखूतील निकोटीनच्या अवलंबित्वाची लक्षणे होत. दात स्वच्छ करण्याचे साधन म्हणून मिसरीकडे पाहिले जाते, त्यामुळे 'मी तंबाखू खात नाही' असे तिचा वापर करणारी स्त्री प्रामाणिकपणे सांगते.

या प्रश्नाचा शास्त्रीय अभ्यास महाराष्ट्रातच फार पूर्वी झाला आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांच्या तोंडाची तपासणी केली व तिचे निष्कर्ष १९७२ मध्ये प्रसिद्ध झाले. मुखाचा कर्करोग व त्यापूर्वी दिसणारे चट्टे यांचा तंबाखूच्या सवयींशी असलेला संबंध या पाहणीने स्पष्ट केला. मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांच्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले. म्हणजे मिसरीचा परिणाम केवळ लावणारीच्या हिरडीपुरता राहत नाही.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे कोणत्या ना कोणत्या स्वरूपात सेवन करीत होते. धूम्रपान करणारे त्यांत फक्त ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के होते. आपल्या राज्याचा तंबाखूचा प्रश्न हा मुख्यतः तोंडात ठेवल्या जाणाऱ्या तंबाखूचा प्रश्न आहे, हे या आकड्यांवरून दिसते. राज्य शासनाने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सुपारीही निरुपद्रवी नाही. तिच्या नित्य सेवनाने तोंडातील त्वचा ताठर होऊन तोंड उघडणे कठीण होते व पुढे कर्करोगाचा धोका वाढतो.

मिसरी एकदम सुटत नसेल तर टप्प्याटप्प्याने सोडता येते. प्रथम दात घासण्याचे काम मिसरीकडून काढून ब्रशकडे द्यावे. नंतर दिवसातील वेळा एकेक करून कमी कराव्यात. तल्लफ आली असता पाणी प्यावे, बडीशेप किंवा ओवा चघळावा, हाताला काम लावावे. काही मिनिटांत तल्लफेचा जोर ओसरतो. घरातील दोघी-तिघींनी मिळून सोडायचे ठरवले तर ते अधिक सोपे जाते. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी विनामूल्य सल्ला मिळतो.

या खुणा दुर्लक्षू नयेत

आष्टीपासून फार दूर नसलेल्या बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयात १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील गावांमध्ये हे काम चालते. नोंदणी करणारे कार्यकर्ते गावोगावी जाऊन कर्करोगाची लक्षणे समजावून सांगत. दूरच्या खेड्यांतही हा रोग आहे, आणि माहिती मिळाल्यास माणसे वेळेवर दवाखान्यात येतात, असा या कामाचा धडा आहे.

दोन आठवड्यांत न भरणारे तोंडातील व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, गालात अथवा जिभेवर लागणारी गाठ, तिखट सहन न होणे आणि तोंड पूर्वीइतके न उघडणे या धोक्याच्या खुणा आहेत. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर तपासणी करून घ्यावी. तंबाखू खाणाऱ्याने महिन्यातून एकदा आरशासमोर उजेडात आपले तोंड स्वतः पाहावे. हे व्रण आरंभी दुखत नाहीत, म्हणूनच ते पाहावे लागतात.

हिरड्यांतून रक्त येणे हेही दुर्लक्षण्याजोगे नाही. रक्त येते म्हणून घासणे बंद करण्याकडे लोकांचा कल असतो; रक्त मात्र बहुधा साचलेल्या थरामुळे येत असते, म्हणून हळुवारपणे पण नियमित घासणे हाच उपाय असतो. मधुमेह असलेल्यांच्या हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे मधुमेह आटोक्यात ठेवणे कठीण होते. हिरड्या सैल होऊन दात गळाले की ज्वारीची भाकरी चावता येत नाही. मग वृद्ध माणूस ती दुधात किंवा कालवणात कुस्करून खातो, शेंगदाणे, हरभरा, कच्ची काकडी-मुळा ताटातून नाहीसे होतात आणि शरीर खंगू लागते. म्हातारपणी भाकरी चावता यावी, एवढ्यासाठी तरुणपणी दातांची काळजी घ्यावयाची आहे.

पाण्याची तपासणी

फ्लोराइडची दुसरी बाजूही ग्रामपंचायतीने ध्यानात ठेवावी. मराठवाडा व विदर्भातील काही जिल्ह्यांत खोल विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण अधिक आढळते. पिण्याच्या पाण्यात ते दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसल्यास १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कधीही नसावे, असे भारतीय मानक आहे. लहानपणी असे जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेल्यास कायमच्या दातांवर पांढरे किंवा तपकिरी डाग पडतात आणि ते कितीही घासले तरी जात नाहीत. एकाच वस्तीतील अनेक मुलांच्या दातांवर असे डाग दिसल्यास मुलांना दोष न देता त्या वस्तीच्या पाण्याचा नमुना तपासणीस पाठवावा. पाऊस कमी होऊन विंधन विहिरी अधिक खोल नेल्या जातात तेथे ही दक्षता विशेष आवश्यक आहे.

सवय कशी रुजते?

माहिती मिळाली म्हणजे सवय लागते, असे नाही. लंडनमधील एका विद्यापीठात २००९ च्या सुमारास झालेल्या अभ्यासात नवी कृती अंगवळणी पडण्यास सरासरी ६६ दिवस लागल्याचे आढळले. काहींना १८ दिवस पुरले, तर काहींना आठ महिन्यांपर्यंतचा काळ लागेल असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यात दिसून आले. गुढीपाडव्यापासून जूनच्या मध्यास शाळा उघडेपर्यंत साधारण दोन ते तीन महिने मिळतात. पाडव्यास सुरुवात केल्यास शाळा उघडताना सवय बहुतांशी लागलेली असेल आणि शाळा तिला बळकटी देईल. दसऱ्यापर्यंत ती इतकी पक्की व्हावी की कोयत्याबरोबर बांधल्या जाणाऱ्या बोचक्यात ब्रशही आपोआप जावा.

नवी सवय जुन्या सवयीला जोडली म्हणजे ती लवकर लागते. रात्रीची भांडी घासून झाली, अंथरुणे पडली की घरातील सर्वांनी एकत्र दात घासावेत. मूल आईवडिलांचे पाहून शिकते; वडील तोंडात तंबाखूचा बार भरून मुलाला ब्रश हातात देत असतील तर मूल ब्रशऐवजी बार लक्षात ठेवते.

आष्टीला लागून असलेल्या जामखेड तालुक्याचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावाने निवडलेल्या, बहुधा अल्पशिक्षित वा निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. या स्त्रिया जामखेडला शिकत आणि गावी जाऊन शेजारणींना शिकवीत. या कार्याबद्दल आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपल्यासारखीच राहणारी, आपल्याच विहिरीवर पाणी भरणारी बाई सांगते तेव्हा ते ऐकले जाते, हे त्या कार्याने दाखवून दिले. ज्या शेजारणीच्या सांगण्यावरून मिसरी लागली, तशाच शेजारणीच्या सांगण्यावरून ती सुटूही शकते. आज गावोगावी आशा कार्यकर्ती आहेत, बचतगट आहेत. मिसरी सोडलेल्या एखाद्या स्त्रीने बचतगटाच्या बैठकीत आपला अनुभव सांगितला, तर त्याचे वजन भाषणाहून अधिक पडेल.

कोणी काय करावे?

शासनाच्या स्तरावर यासाठी आवश्यक त्या यंत्रणा उपलब्ध आहेत. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करण्याची तरतूद असून तीत दातांचा समावेश आहे. २०१४-१५ पासून राष्ट्रीय मुखारोग्य कार्यक्रम राबविला जात आहे. ३० वर्षांवरील व्यक्तींच्या असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीत मुखाच्या कर्करोगाची तपासणी समाविष्ट आहे. राज्यात मे २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियानासाठी सचिन तेंडुलकर यांची सदिच्छादूत म्हणून निवड करण्यात आली. गरज आहे ती या योजना तालुक्याच्या ऋतुचक्राशी जुळवून घेण्याची.

आरोग्य खात्याने तपासणीच्या तारखा ठरविताना स्थलांतराचा विचार करावा. ऑक्टोबर ते मार्च या काळात पथक आल्यास पटावरील कित्येक मुले गैरहजर असतात. म्हणून ज्या गावांतून टोळ्या जातात तेथील तपासणी जून ते सप्टेंबर या काळात पूर्ण करावी. ज्या मुलांचे दात भरणे आवश्यक आहे, त्यांचे उपचार दसऱ्यापूर्वी व्हावेत, कारण फडावर दुखणे सुरू झाले तर मजुरी बुडवून दवाखाना गाठणे पालकांना शक्य होत नाही.

शिक्षकांनी शालेय पोषण आहारानंतर सर्व मुलांना चूळ भरावयास लावावी आणि आठवड्यातून एकदा दात घासण्याचे प्रात्यक्षिक घ्यावे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी असलेल्या हंगामी वसतिगृहांत रात्रीच्या जेवणानंतर एकत्र दात घासण्याचा पाठ दिनक्रमातच ठेवता येईल. तेथे मुले आजी-आजोबांच्या किंवा गृहपालांच्या देखरेखीखाली असतात. मुलांकडून ही सवय घरातील वृद्धांनाही लागू शकते.

ग्रामपंचायतीचे काम थोडे, पण निर्णायक आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यान्वये शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास व १८ वर्षांखालील मुलांना ते विकण्यास मनाई आहे. ही मर्यादा रस्त्यावर आखून दुकानदारांना समजावून सांगावी. मुलाला तंबाखूची पुडी आणावयास दुकानात धाडणारे बहुधा घरचेच असतात, तेव्हा याची चर्चा ग्रामसभेतही व्हावी. गावातील किराणा दुकानात लहान मुलांचे ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्टचे छोटे पाकीट नेहमी मिळेल, एवढे पाहिले तरी चालेल. आज अनेक दुकानांत तंबाखूच्या पुड्या दर्शनी लटकतात आणि ब्रश मागावा लागतो.

पाडव्याच्या दिवशी ग्रामपंचायत, शाळा, अंगणवाडी व बचतगट यांनी मिळून एक साधा कार्यक्रम करावा. परतलेल्या प्रत्येक कुटुंबाने त्या रात्रीपासून दात घासण्यास सुरुवात करावी. आशा कार्यकर्तीने महिनाभराने घरी जाऊन विचारपूस करावी. जूनमध्ये शाळेने मुलांचे दात पाहावेत. आणि दसऱ्याला टोळी निघताना प्रत्येक घरातून ब्रश बरोबर गेले की नाही याची नोंद घ्यावी. या उपक्रमासाठी नवे पद नको, नवी इमारत नको, मोठा निधीही नको. पहिल्या वर्षी गावातील दहा घरांनी तो पाळला, तरी पुढल्या पाडव्यास सांगण्यासारखे काही त्या गावाजवळ असेल.